रणजी करंडकातला 'महाराष्ट्र' आणि आपण सोलापूरकर : आठवणी येऊ द्या

परवा सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर एका पोराने विचारलं, "रणजीत महाराष्ट्र म्हणजे मुंबईच की?" त्याला काय बोलणार! एका राज्यात तीन संघ. मुंबई, विदर्भ, आणि बाकी राहिलेल्यांचा तो महाराष्ट्र. आपण बाकी राहिलेल्यांत. चषक दोनच, १९३९-४० आणि १९४०-४१, दोन्ही प्रा. दि. ब. देवधरांच्या कप्तानीत. पुढे १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ ला फायनलपर्यंत जाऊन हात हलवत परत. तरी ज्यांचा जीव या संघात अडकलाय असे सोलापुरात बरेच आहेत, हे मला पक्कं माहीत आहे. लिहा. आकडे नकोत, तुम्ही कुठे होतात ते सांगा. (आकडे येणारच म्हणा.)

अशोक चौकातून

आमचे आजोबा गिरणीत होते. घरात तेलुगू, गिरणीत मराठी आणि क्रिकेटच्या शिव्या तिन्ही भाषांत, कारण शेजारी कानडी. भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट ते दर दिवाळीला सांगायचे, जणू स्वतः नॉन-स्ट्रायकरला उभे होते. डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठेवाड. निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ शी बरोबरी करायला नऊ धावा. आणि काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, संघाला घेऊन चालते झाले. सामना सोडून दिला!

इथे आजोबा थांबायचे. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि आमच्याकडे बघायचे. आम्ही विचारायचंच, "मग?" "मग काय. कसोटीत एकदापण घेतलं नाही त्याला." धाग्याचा ताणा तुटल्यावर मागाजवळ उभा माणूस जसा 'च्च' करतो, तसा आवाज काढायचे. पुढे मी वाचून काढलं, गोष्टीतला एक शब्द खोटा नव्हता. फक्त आजोबा पुण्याला गेले नव्हते.

विजापूर रोडवरून

वरच्या गोष्टीला जोडून. आपल्या संघाला थोडक्यात राहायची खोडच आहे. शंतनू सुगवेकर १९८८-८९ ला मध्य प्रदेशविरुद्ध नाबाद २९९. एक धाव! आणि २०१६ ला वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, भागीदारी ५९४. संगकारा-जयवर्धनेंचा ६२४ चा विक्रम तीस धावांवर, आणि डाव घोषित. घोषित करणारा कोण? गुगळेच, कप्तान म्हणून पहिलाच सामना त्याचा. मी ऑफिसात मोबाइलवर स्कोअर बघत होतो, जोरात "अरे थांब की बे!" म्हणालो. साहेबांना वाटलं त्यांनाच.

पार्क चौकाजवळून

जानेवारी २०२४. पार्क मैदानावर, म्हणजे कागदावर इंदिरा गांधी स्टेडियमवर, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. रणजी! आपल्या पार्कवर! गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची तयारी सुरू होती, तिकडे होम मैदानावर पाळण्यांचे सांगाडे उभे राहत होते, आणि इकडे केदार जाधव कप्तान.

मी दुकान भावावर टाकून गेलो. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी. टीव्हीवर जे कळत नाही ते इथे कळलं : स्लिपमधली माणसं सतत बोलतात. चेंडू पॅडवर लागला की सगळे एकदम ओरडतात आणि पंच मान हलवेपर्यंत पाठीमागे रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो. एक म्हातारबाबा पहिल्या चेंडूपासून वहीत गुण मांडत होते, शाळेची चौकटीची वही. मी विचारलं, "काका, मोबाइलवर सगळं येतंय की." ते म्हणाले, "येतंय, पण माझ्या अक्षरात येत नाही."

डावाने जिंकलो. मणिपूर काही मोठा संघ नाही, ठाऊक आहे. टाळ्या तरी दाबून वाजवल्या.

पुन्हा अशोक चौक

पॉली उम्रीगरचा जन्म सोलापूरचा, २८ मार्च १९२६. कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक त्यांचं, २२३, न्यूझीलंडविरुद्ध, हैदराबादला, १९५५. पण खेळले मुंबईकडून. मोजायचे का आपल्यात?

विजापूर रोड

मोजा. जन्म झाला ना इथं, मग विषय संपला.

नाव नको, जुळे सोलापूर

मी चौदा वर्षांखालच्या निवड चाचणीला पुण्याला गेलो होतो. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने, वडिलांसोबत, किटबॅग दोघांच्या मध्ये. गाडी वेळेवर होती, उशीर आम्हीच केला. स्टेशनवरून चुकीच्या बसमध्ये चढलो. मैदानावर पोचलो तर माझा नंबर पुकारून झाला होता. विनंती केल्यावर सहा चेंडू मिळाले. दोन बरे बसले, तिसऱ्याला दांडी गुल. परतीच्या गाडीत वडील एवढंच म्हणाले, "शूज तरी नवे झाले."

म्हणून अर्शीन कुलकर्णीचं मला जरा जास्तच कौतुक. पोरगा सोलापूरचा, २००५ चा जन्म. २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये एकाच सामन्यात ५४ चेंडूंत ११७, तेरा षटकार, वर चार बळी. मग आयपीएलमध्ये लखनौचा करार, आणि एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक, तिथे अमेरिकेविरुद्ध १०८. वडिलांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "बस बरोबर पकडली असेल त्यानं."

माळशिरस तालुका

सगळे बाप्येच आठवतायत तुम्हाला! आमच्या तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे विसरलात? आधी भालाफेक वगैरे करायची. २०२२ ला नागालँडकडून टी-ट्वेंटीत नाबाद १६२. दीडशेच्या पुढे गेलेली पहिली भारतीय, बाई असो की बाप्या. बॅटवर कंपनीचं स्टिकर नाही, पेनाने लिहिलेलं 'एमएसडी ०७', म्हणजे धोनी. नंतर महाराष्ट्राकडे आली आणि ऑक्टोबर २०२५ ला नागपुरात पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक. महिलांच्या टी-ट्वेंटीत त्याहून जलद कुणाचंच नाही.

माझ्या धाकट्या लेकीने परवा स्वतःच्या बॅटवर मार्करने 'केएन' लिहिलं. बॅट तिच्या दादाची होती. घरात दोन दिवस भांडण चालू आहे, आणि मार्कर पुसला जात नाही.