शिआन फक्त टेराकोटासाठी नका करू

कोणीतरी विचारलंय की चीनमधल्या शिआनला टेराकोटा आर्मी बघून त्याच रात्रीच्या ट्रेनने बीजिंग गाठावं का, तर नका हो, निदान एक दिवस तरी गावात काढा. १९७४ मधे विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडलेले ते मातीचे सैनिक भारी आहेतच, पण गर्दी इतकी की कठड्यापर्यंत पोचायलाच धक्के खावे लागतात. मला खरी मजा आली ती मिंग राजघराण्याच्या काळातल्या शहराच्या तटबंदीवर, वरती भाड्याने सायकल मिळते, जवळपास १४ किमीचा पूर्ण फेरा, आणि त्या विटांवरून ती अशी हादरते की बूड रात्रीपर्यंत आठवण काढतं :)

बिग वाइल्ड गूज पॅगोडाला तर जाच, ह्युएन त्संग या चिनी बौद्ध भिक्खूने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला ६५२ साली बांधलेला. हाच बाबा चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्याकडे येऊन गेला आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत पण अपमान केला तर सोडत नाहीत असं लिहून गेला!

अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपला कार्ड घरूनच जोडून जा. शाकाहारी असाल तर चिनीत लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा, माझे उच्चार ऐकून नूडलवाल्या काकू नुसत्या हसत होत्या.