नाट्यगृहात लघुपट दाखवायचाय : फाइल आणि आवाज कसा द्यावा?

कृष्णाकाठ
सांगलीतल्या एका महोत्सवात आमचा १४ मिनिटांचा लघुपट निवडला गेलाय. खेळ सिनेमागृहात नाही, नाट्यगृहात, लॅपटॉप आणि प्रोजेक्टरवरून. "पेनड्राइव्हवर फाइल द्या" एवढंच आयोजकांनी सांगितलंय. शूट फोरके, सेकंदाला २५ फ्रेमवर. संवाद सगळे तासगावकडच्या बोलीत, आणि परीक्षकांत बाहेरच्या राज्यातलेही आहेत. काय काय बघून घ्यावं? डीसीपी (सिनेमागृहातल्या डिजिटल प्रोजेक्टरसाठीची प्रत) आत्ताच करावी का?

वारणाकाठ
अभिनंदन! फोरके देऊ नका. लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंत पंधरा-वीस मीटर एचडीएमआय केबल टाकलेली असते. साध्या तांब्याच्या केबलवर एवढ्या लांब फोरके टिकत नाही, पडदा मधेच काळा होतो. १९२०×१०८०, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), २५ एमबीपीएस (सेकंदाला २५ मेगाबिट डेटा), आवाज ४८ किलोहर्ट्झ एवढं पुरे. फाइल साधारण २.६ जीबी होईल. ४ जीबीच्या आत असली की फॅट३२ या जुन्या फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवरही बसते.

२५ च्या ३० फ्रेम करू नका. लॅपटॉपचा डिस्प्ले ५० हर्ट्झवर लावायला सांगा. ६० वर २५ फ्रेम सारख्या विभागल्या जात नाहीत, म्हणून पॅनमध्ये (कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा) चित्र अडखळतं.

रात्रीचे प्रसंग असतील तर महोत्सवाच्या प्रतीत मिडटोन (ना फार गडद, ना फार उजळ अशा छटा) थोडे उचला. दाराच्या फटीतून आणि एक्झिटच्या दिव्यांतून पडद्यावर उजेड येतोच.

माहुली_सातारा
चित्रापेक्षा आवाजाकडे जास्त लक्ष द्या दादा, खरा घोळ तिथेच होतो. पार्श्वसंगीत खणखणीत आणि संवाद गायब, असं झालं की लोक मिक्सिंगला दोष देतात. बऱ्याचदा दोष वायरीचा असतो. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून निघालेली स्टीरिओ वायर मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड (दोन तारांतला फरक घेणाऱ्या) इनपुटला जोडली की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. संवाद दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तोच कटतो. डावा-उजवा वेगळा करणारी वायर घ्या आणि दोन चॅनेल वापरा. ती नसेल तर मोनो मिक्सची एक प्रत जवळ ठेवा आणि फक्त डावी बाजू जोडा.

चार्जर लावल्यावर घूंऽऽ असा आवाज आला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सर दोन्हीकडून अर्थिंग जोडलं गेल्याने होणारी घरघर. मधे डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) टाकून ग्राउंड लिफ्ट करायचं, म्हणजे आवाजाच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडायची. चार्जरची अर्थिंग पिन मात्र कधीही तोडू नका.

रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेतली तर आवाज जास्त घुमतो, माणसं बसली की कमी होतो. तरी संवादांखालचं संगीत तीनेक डीबी खाली ठेवलेलं बरं.

मिरज_रंगपट
डीसीपी या खेळाला नको. पुढे सिनेमागृहातल्या महोत्सवाला पाठवायची असेल तेव्हा डीसीपी-ओ-मॅटिक या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होते. फ्रेम २४ ठेवा, ते सगळीकडे चालतं. २५ च्या फ्रेम २४ ने चालल्या की तुमची फिल्म १४ मिनिटं ३५ सेकंदांची होईल आणि आवाजाची पट्टी किंचित खाली जाईल. संवादांत ते जाणवत नाही, गाणं असेल तर मात्र ऐकून घ्या. १०० एमबीपीएसला साधारण ११ जीबी जागा लागेल.

सेन्सॉर प्रमाणपत्र नसेल तर महोत्सवाच्या खेळासाठी सूट आयोजक मागतात. ती घेतलीय ना, एवढं विचारून घ्या.

कृष्णाकाठ
खूप मदत झाली. सबटायटलची एसआरटी (नुसत्या मजकुराची) फाइल वेगळी देऊ का?

मिरज_रंगपट
नको, चित्रातच छापा. वेगळी फाइल असली की लॅपटॉपवर ती चालू करायची राहून जाते. इंग्रजीत जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीला ४० च्या आसपास अक्षरं. बोलीतले संवाद भराभर येतात, तिथे शब्दाला शब्द न लावता आशय द्या, नाहीतर वाचण्यातच चेहरे निसटतात. आणि ओळी तळापासून जरा वर घ्या. सपाट हॉलमध्ये पुढच्यांच्या डोक्यांनी पडद्याचा खालचा भाग झाकला जातो.

माहुली_सातारा
पेनड्राइव्ह दोन द्या. फाइल मधून नाही, शेवटपर्यंत चालवून बघा. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला नीटच चालते.