ओळखपत्रं स्क्रीनवर सरळ, प्रिंटमध्ये पोरं आडवी

शहापूरचा_डीटीपीवाला:
मंडळी लई वैताग झालाय. खानापूर भागातल्या एका शाळेची 212 ओळखपत्रं छापायची आहेत, नाव मराठी आणि कन्नड दोन्हीत, एचटीएमएल पानात बसवलंय आणि क्रोममधून कंट्रोल-पी. स्क्रीनवर जवळजवळ सगळे फोटो एकदम सरळ. प्रिंट प्रिव्ह्यूला शाळेच्या कॅमेऱ्यातले फोटो आणि पालकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले, दोन्ही आडवे झोपलेत. टेम्प्लेट आमच्या आधीच्या ऑपरेटरचं आहे, पाच-सहा वर्षं हेच चालत होतं, दिवाळीत पीसी नवीन घेतला आणि हे सुरू झालं. प्रिंटर बदलून बघितला, तेच.

निपाणीकर:
पेपर लँडस्केप करून बघ की.

शहापूरचा_डीटीपीवाला:
केलं हो, अख्खं कार्डच फिरतंय, पोरगं आत आडवंच.

टिळकवाडी_वेब:
प्रिंटरला कशाला बदलालास मर्दा, त्याचा दोष नाही. कॅमेरा उभा धरला तरी फोटो आडवाच सेव्ह होतो, सोबत एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या माहितीत, ओरिएंटेशन नावाचा आकडा लिहिला जातो, 1 ते 8. 1 म्हणजे आहे तसा दाखव, 6 म्हणजे घड्याळाच्या दिशेनं 90 डिग्री फिरवून दाखव. पूर्वी वेबपानातल्या फोटोला क्रोम हा आकडा बघतच नव्हता, 2020 च्या 81 व्हर्जनपासून बघायला लागला, म्हणजे इमेज-ओरिएंटेशन फ्रॉम-इमेज हा आकडा पाळायचा नियमच डीफॉल्ट झाला. तुमच्या जुन्या पीसीवर त्याआधीचं क्रोम पडून असणार आणि ऑपरेटरनं सीएसएसमध्ये (पानाच्या मांडणीचे नियम) मीडिया प्रिंटच्या आत, म्हणजे फक्त छापताना लागणाऱ्या भागात, फोटोला ट्रान्सफॉर्म रोटेट 90 डिग्री दिलं असणार. आता आधी क्रोमच 90 फिरवून फोटो सरळ करतंय, वर तो नियम अजून 90, पोरगं परत आडवं. व्हॉट्सॲपच्या फोटोत तो आकडाच राहत नाही, फोटो आधीच सरळ करून येतो, म्हणून त्याला फक्त नियमाचे 90 लागतात आणि तोही झोपतो. ती एक ओळ शोधा आणि काढा.

शहापूरचा_डीटीपीवाला:
होय की!! मीडिया प्रिंटमध्ये अगदी तळाला होती, काढली, 212 पैकी 203 सरळ. पण प्रेसवाल्याला पीडीएफ द्यायचीय, ती जुन्या सॉफ्टवेअरमधून करतो, तिथं आता कॅमेऱ्यातले आडवे पडले. फ्रॉम-इमेज लिहून दिलं तरी ढिम्म. आणि ते उरलेले 9 क्रोममध्ये आडवे.

चिकोडी_प्रेस:
त्या सॉफ्टवेअरचं इंजिन जुनं असेल तर तो नियम त्याला कळणारच नाही, आम्ही पण यात अडकलोय. सीएसएसच्या भरवशावर राहूच नका, फोटोच फिरवून ठेवा. आधी फोल्डरची कॉपी काढा, मग इमेजमॅजिकमध्ये (कमांड देऊन फोटो बदलायचं सॉफ्टवेअर) मॉग्रिफाय आणि ऑटो-ओरिएंट, एका कमांडमध्ये अख्खा फोल्डर होतो. फोटोचे ठिपके (पिक्सेल) खरेच फिरतात आणि आकडा 1 होतो, मग क्रोम असो की जुनं इंजिन. ते 9 मात्र यातून वगळा. ते कुणीतरी जुन्या एडिटरमध्ये हातानं सरळ केले असणार, ठिपके फिरले पण आकडा 6 तसाच राहिला, त्याला ऑटो-ओरिएंट केलं तर ठिपकेच आडवे होतील. त्यांचा फक्त आकडा एक्झिफटूलनं (एक्झिफ बदलायचं सॉफ्टवेअर) 1 करायचा, फोटोला हात नाही लावायचा.

शहापूरचा_डीटीपीवाला:
झालं एकदाचं, पीडीएफ आणि प्रिव्ह्यू दोन्ही सारखं. त्या 9 चं बरोबर होतं, शाळेतल्या सरांनीच फिरवले होते, म्हणाले "तुम्हाला त्रास नको म्हणून". एक पोरगं अजून तिरकं दिसतंय, पण त्याचा आकडा 1 च आहे, बिचाऱ्यानं फोटो काढतानाच मान वाकडी केलीय.

निपाणीकर:
त्याला लँडस्केप करून बघ.