मदत हवी आहे: पीएम किसानचे तीन हप्ते आलेच नाहीत

शिवारवाट:
वडिलांचे पीएम किसानचे तीन हप्ते आले नाहीत, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचेही नाहीत. ई-केवायसी झालंय, आधार लिंक आहे, सगळं आहे. कृषी कार्यालय म्हणतं बँकेत जा, बँक म्हणते आमच्याकडे काही आलंच नाही. खत घ्यायचंय. नक्की कुठे जायचं तेवढं सांगा.

बागायती७१२:
स्टेटसला काय दिसतंय? पीएम किसानच्या पोर्टलवर 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाका. नसेल तर मोबाईल किंवा आधारवरून तिथेच मिळतो. लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणं), ई-केवायसी, आधार-बँक सीडिंग, या तिन्हींपुढे काय आहे ते सांगा. नुसतं 'सगळं आहे' म्हणून भागत नाही.

काळीकसदार:
लँड सीडिंगच अडलं असणार. सातबारा, आठ-अ आणि फेरफाराची प्रत घेऊन तहसील गाठा. शेतकरी ओळख क्रमांक काढलाय का? नसेल तर आधी तो.

शिवारवाट:
तिन्हींपुढे 'येस' आहे.

बागायती७१२:
मग तहसीलला हेलपाटा कशाला? काळीकसदार, दरवेळी सातबाऱ्यावर जाऊ नका. शिवारवाट, हप्त्याच्या ओळीत काय लिहिलंय?

पोस्टपेटी:
सरळ पोस्टात खातं उघडा. आधार, अंगठा आणि मोबाईल, एवढ्यात काम होतं.

जोडखाते:
आधी पैसे कुठे गेले ते शोधा, नवीन खातं काढून गुंता वाढवू नका. बँकेत 'आधार लिंक' म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. एक केवायसीसाठी जोडलेलं आधार. दुसरी एनपीसीआय या पेमेंट संस्थेच्या मॅपरमधली, म्हणजे कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत जातात त्या यादीतली नोंद, आणि हप्ता या दुसरीवर येतो. एका आधारला मॅपरमध्ये एकच बँक राहते, शेवटी संमती दिली ती. वडिलांनी मधे दुसरं खातं उघडलं का?

शिवारवाट:
हो, पीककर्जासाठी दुसऱ्या बँकेत बचत खातं काढलं. पण पोर्टलवर जुनंच खातं दिलंय ना! हप्त्यांपुढे पेमेंट झाल्याचं दिसतंय, म्हणून तर डोकं फिरलंय.

जोडखाते:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. पैसे पोर्टलवरचा खातेक्रमांक बघून नाही, आधारवरून जातात. खातं उघडताना फॉर्मवर डीबीटीच्या, म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यात घेण्याच्या संमतीची खूण करून घेतात, सही करणाऱ्याला कळतही नाही. आधारच्या साइटवर वडिलांच्या आधार क्रमांकाने लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो. बँकेचं नाव आणि 'अॅक्टिव्ह' की 'इनअॅक्टिव्ह' ते दिसेल.

माळरान:
त्यापेक्षा आईच्या नावाने नोंदणी केली तर?

बागायती७१२:
नको. नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एकच कुटुंब धरतात, दोघांची नोंद सापडली की लाभ थांबतो. शिवाय आईंना लाडकी बहीणचे १५०० मिळत असतील, तर पीएम किसान आणि नमो चालू झाल्यावर त्याचे ५०० होतात.

काळीकसदार:
ओळख क्रमांक तरी काढून ठेवाच. नवीन नोंदणीला तो लागतोच.

शिवारवाट:
नव्या बँकेचं नाव दिसतंय, 'अॅक्टिव्ह'. उद्या पासबुक भरून आणतो. जुन्या बँकेत परत न्यायचं असेल तर?

जोडखाते:
जुन्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा, त्यात 'दुसऱ्या बँकेतून या बँकेत' हा पर्याय निवडा. पोच घ्या. साइटवर नाव बदललेलं दिसेपर्यंत नवं खातं बंद करू नका, नाहीतर मधे सुटलेला हप्ता परत जातो.