‘अल्टर्ड’ लिहिलं आणि क्लायंट घाबरला, चेंज, अल्टर, मॉडिफाय यात नेमका फरक काय?

धायरी_टू_हिंजवडी:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालं, आता हिंजवडीत एका छोट्या कंपनीत सपोर्टला आहे, क्लायंट लंडनचा. मागच्या आठवड्यात त्यांच्या कस्टमर लिस्टमधले पोस्टकोड चुकीचे पडले होते, ते आमच्या टीमने नीट केले आणि रात्री निघताना मी मेल टाकला की वुई हॅव अल्टर्ड द कस्टमर रेकॉर्ड्स. डोक्यात एवढंच होतं की सारखं चेंज चेंज काय लिहायचं, जरा बरा शब्द टाकू. सकाळी बघते तर तिकडून तीन मेल, कोणी अल्टर केलं, कोणाच्या परवानगीने केलं, आधीची कॉपी ठेवली आहे का, आणि सीसीमध्ये आमचे मॅनेजर. कामात चूक काहीच नव्हती, फोनवर बोलून मिटलं सगळं, पण त्या दिवशी मला डबा गेला नाही.
डिक्शनरी उघडली तर चेंज म्हणजे बदलणे, अल्टर म्हणजे बदलणे, मॉडिफाय बदलणे, कन्व्हर्ट बदलणे, व्हेरी बदलणे. सगळ्यांपुढे तोच शब्द. मग फरक कळणार कसा? पाठ करायला यादी नको प्लीज, याद्या खूप केल्या आणि विसरले. ओळखायचं कसं ते सांगा.

सुई_दोरा:
ताई, अल्टर हा माझ्या रोजच्या तोंडातला शब्द, लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्लीत वीस वर्षं ब्लाउज आणि ड्रेस शिवते. अल्टरला आलेला कपडा आहे तोच राहतो बघा. कुडता कुडताच, बाजू उसवून अर्धा इंच सैल करायची, बाही वर घ्यायची, उंची कमी करायची, शिवताना आत माया सोडलेली असते ती त्यासाठीच. पण गेल्या दिवाळीला एक बाई आजीची पैठणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या याचा घेरदार ड्रेस शिवा, तर ते अल्टर नाही, तिथे साडी संपली आणि ड्रेस झाला. माझी मुलगी त्याला कन्व्हर्ट म्हणते आणि मला ते पटतं. कात्री लावायच्या आधी मी त्यांना तीनदा विचारलं नक्की ना म्हणून, कारण अल्टर केलेलं बऱ्याचदा उसवून परत पहिल्यासारखं करता येतं, कापलेल्या पैठणीची परत साडी होत नाही. तर मूळ वस्तू तीच राहिली का हे बघायचं. तुमची लिस्ट तीच राहिली होती, मग माझ्या मते तुम्ही काही चुकला नाहीत.

निवृत्त_कॅशियर:
सुई_दोरा यांनी कापडाचं अगदी बरोबर सांगितलं, पण हाच शब्द कागदावर आला की त्याला वेगळा वास येतो. माझी ३४ वर्षं बँकेत गेली. चेकवर रकमेत खाडाखोड असली, नावात अक्षर वाढवलेलं असलं की आम्ही जो शब्द वापरायचो तो मटेरियल अल्टरेशन. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट हा १८८१ चा कायदा आहे, त्याच्या कलम ८७ मध्ये हाच शब्द आहे, आणि तिथे म्हटलंय की असा महत्त्वाचा बदल ज्याच्या संमतीशिवाय झाला त्याच्यापुरता तो कागद रद्दबातल, अपवाद फक्त मूळ लोकांचा दोघांचा मिळून जो हेतू होता तो पुरा करण्यासाठी केलेल्या बदलाचा. आता तुमच्या क्लायंटचे प्रश्न परत वाचा, कोणाच्या परवानगीने केलं असंच विचारलंय ना त्यांनी?
मराठीत यासाठी शब्द आहे, फेरफार. ‘कागदपत्रांत फेरफार’ एवढं हेडिंग दिसलं की बातमी न वाचता कळतं पोलिस केस आहे. रेकॉर्ड, अकाउंट, डॉक्युमेंट, सही असल्या शब्दांशेजारी अल्टर्ड आलं की इंग्रजी माणसाला बऱ्याचदा हेच ऐकू येतं. तुम्हाला म्हणायचं होतं नोंदी नीट केल्या, त्यांनी वाचलं नोंदींत फेरफार केला. कपडा अल्टर केला तर कोणी दचकत नाही कारण कपडा पुरावा नसतो, नोंद हा पुरावा असतो.
आणि हाच फेरफार तलाठ्याकडे गेला की त्याला काही डाग नाही. वडील गेले, वारसांची नावं सातबारावर लावायची, तर आधी फेरफार पडतो. गाव नमुना ६ म्हणजेच फेरफार नोंदवही, इंग्रजीत म्युटेशन रजिस्टर. शब्द तोच पण कोणाच्या हातात आहे त्यावर ठरतं.

पाषाण_मायक्रो:
काका म्युटेशनचं वाचून राहवलं नाही. मी मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी, आमच्या पाषाणला एनआयव्हीचा, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेचा, एक कॅम्पस आहे, तिथे म्युटेशन म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुरात एखादं अक्षर बदलणं, गळणं किंवा वाढणं. असे काही ठरावीक बदल घेऊन जो विषाणू फिरतो तो व्हेरियंट. कोविडच्या वेळी न्यूजवाले दोन्ही एकाच अर्थाने बोलायचे. म्युटेशन ही घडलेली घटना आणि व्हेरियंट म्हणजे ती अंगावर घेऊन वावरणारा, एवढा फरक धरला तरी पुरे.

बुलेट_आणि_पाऊस:
सुई_दोरा ताईंचं ‘मूळ वस्तू तीच राहिली तर अल्टर’ हे सगळीकडे चालणार नाही असं मला वाटतं, उदाहरण देतो. आमच्या ग्रुपमधे सगळे म्हणतात गाडी मॉडिफाय केली, हँडल बदललं, सीट बदलली, सायलेन्सर बदलला. पण मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ बघा, त्याचं शीर्षकच अल्टरेशन इन मोटर व्हेइकल आहे, आणि अल्टरेशन म्हणजे काय तर गाडीच्या रचनेतला असा बदल की ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. म्हणजे ताईंच्या बरोबर उलटं! कापडात अल्टर म्हणजे हलकं काम, गाडीत अल्टर म्हणजे आरटीओने अडवायचं काम. त्याच कलमात पुढे सीएनजी, एलपीजी, बॅटरीवर गाडी चालवायला इंजिनात जो बदल करतात त्याला मॉडिफिकेशन म्हटलंय आणि ज्या किटने करतात त्याला कन्व्हर्जन किट. एका कलमात तिन्ही शब्द, आणि तिन्ही आपापल्या जागी! इंजिन तेच ठेवून काही भागात फेरबदल केला म्हणून मॉडिफाय, पेट्रोलची गाडी गॅसवर धावायला लागली म्हणून कन्व्हर्ट. आपल्या रिक्षांचं असंच झालं की. प्लॉट एनए म्हणजे बिगरशेती करतात त्याला पण लँड कन्व्हर्जन म्हणतात, माती तीच पण वापर शेतीचा होता तो घराचा झाला. कन्व्हर्ट म्हटलं की मी आता हेच बघतो, आधी कशाला वापरायचे आणि आता कशाला वापरतात.

सिलेक्ट_स्टार:
धायरीकर, तू आयटीतली आहेस तर तुझ्या रोजच्या कामातूनच सांगतो म्हणजे डोक्यात राहील. पोस्टकोड नीट करताना कुठली कमांड मारलीत? अपडेट, बरोबर? अल्टर टेबल नाही मारली. डेटाबेसमध्ये ज्यांनी हे शब्द ठेवले त्यांनी रेघ स्वच्छ ओढली आहे, आतल्या ओळींमधली माहिती बदलायची तर अपडेट, टेबलचा सांगाडाच बदलायचा, कॉलम वाढवायचा, काढायचा, तर अल्टर. म्हणजे तिकडे कोणी टेक्निकल माणूस असेल तर त्याला वाटलं असणार तुम्ही रचनेलाच हात घातला. मायएसक्यूएलमध्ये तर अजून बारीक आहे, अल्टर टेबलच्या पोटात मॉडिफाय पण आहे आणि चेंज पण आहे. मॉडिफायने कॉलमचं नाव तेच ठेवून त्याचा प्रकार किंवा लांबी बदलता येते, चेंजने नावासकट बदलता येतं. मला हे फार आवडतं कारण साध्या इंग्रजीतही तसंच आहे, मॉडिफाय केलेली गोष्ट आपलं नाव टिकवते, चेंज मात्र कुठपर्यंत जाईल त्याला हद्द नाही. लॅटिनमध्ये मोडस म्हणजे माप किंवा रीत, त्यातून मॉडिफाय आला, म्हणजे मापात ठेवून केलेला बदल.
लिनक्सवर कुठल्याही फाइलला स्टॅट ही कमांड मारून बघ, मॉडिफाय आणि चेंज अशा दोन वेगळ्या वेळा दिसतील. मजकुराला हात लागला की मॉडिफाय, फक्त परमिशन किंवा मालक बदलला तरी चेंज. मजकूर बदलला की चेंजची वेळ पण पुढे सरकते, पण उलट होत नाही. अनेक वर्षं मी या दोन ओळी न बघताच पुढे जात होतो, ज्या दिवशी एक बॅकअप फसला त्या दिवशी नीट वाचल्या.
एक मात्र सांगतो, सगळीकडे शब्दाच्या मुळावर विसंबू नकोस. ट्रान्सफॉर्म म्हणजे रूपच पालटणं, सुरवंटाचं फुलपाखरू. पण आपल्या सोसायटीबाहेरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचा दाब उतरवून घराजोगा करतो, वीज एसीच राहते, ५० हर्ट्झ पण तेच. एसीचा डीसी करणारा खरा प्रकार-बदल, त्याला म्हणतात रेक्टिफायर आणि उलटं करणारा इन्व्हर्टर. धंद्यातली नावं पडून गेली की ती तशीच शिकायची.

धायरी_टू_हिंजवडी:
बापरे, अपडेट आणि अल्टर मी रोज टाइप करते आणि मेल लिहिताना एकदाही डोक्यात आलं नाही!! आणि काका, फेरफार वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ते का चिडले, इतके दिवस वाटत होतं उगाच आवाज चढवला. अजून एक, आमचे मॅनेजर म्हणाले अमेंडेड लिही, टीम लीड म्हणाली रिव्हाइज्ड लिही. यातलं कुठलं?

कलम_आणि_कागद:
दोन्ही नको, पण का ते सांगते, हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. अमेंड ज्या लॅटिन शब्दातून आला त्यात मेंडा आहे, मेंडा म्हणजे दोष, खोट. खोट काढून टाकणे तो अमेंड. कपडा रफू करतात तो मेंड पण त्याच घरातला. म्हणून आपल्याकडे कॉन्स्टिट्यूशन अमेंडमेंटला घटनाबदल न म्हणता घटनादुरुस्ती म्हणतात, हा मराठी शब्द ज्यांनी रुळवला त्यांचा कान किती तयार असेल! दुरुस्ती म्हणजे वस्तू राहते, खोट जाते. आणि हा फरक नुसता भाषेतला राहिला नाही. घटनेच्या अनुच्छेद ३६८ मध्ये १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीने लिहिलं गेलं की संसद कुठल्याही तरतुदीत भर घालून, फरक करून किंवा ती रद्द करून अमेंड करू शकते. मग सुप्रीम कोर्टात केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांपुढे याच शब्दाची चिरफाड झाली, अमेंड कुठपर्यंत जाऊ शकतो? २४ एप्रिल १९७३ ला ७ विरुद्ध ६ असा निकाल लागला की दुरुस्ती कुठल्याही भागात करा पण मूलभूत चौकट मोडू नका. दुरुस्तीनंतर जर मूळ वस्तूच ओळखू येत नसेल तर तिला दुरुस्ती म्हणायचं कसं, हा सुई_दोरा ताईंचाच प्रश्न आहे खरं तर, पैठणीचा.
रिव्हाइजमध्ये दोष असायलाच पाहिजे असं नाही. परत बघणे एवढाच त्याचा अर्थ, बघितल्यावर बदललं तर बदललं. परीक्षेआधी आपण रिव्हिजन करतो तेव्हा पुस्तकातलं अक्षर तरी बदलतं का? रिव्हाइज्ड कोटेशन म्हणजे मागचंही चुकीचं नव्हतं, आता नव्याने विचार करून दिलंय. मराठीत दोन्हीला ‘सुधारित’ म्हणून मोकळे होतो त्यामुळे गोंधळ होतो. अमेंड लागतो कायद्याला, ठरावाला, इनव्हॉइसला, म्हणजे ज्या मजकुराची औपचारिक आवृत्ती असते त्याला. तुझे पोस्टकोड सरळ चुकीचे होते, तिथे करेक्टेड. साधा आणि नेमका.

मंडईची_पिशवी:
व्हेरी राहिलाच की! मंडईत काल टोमॅटो ३० ला होता आज ४० ला झाला तर प्राइस चेंज झाली. पण आत्ता या क्षणी एका गाळ्यावर ४०, पलीकडे ३५, दारात हातगाडीवर ५०, तर प्राइस व्हेरीज. चेंजला काल आणि आज लागतात, व्हेरीला इथे आणि तिथे पण चालतं. आपण ‘भाव बदलतो’ आणि ‘भाव वेगवेगळा असतो’ असं बोलतोच, फक्त इंग्रजीत शिरताना विसरतो.

सिलेक्ट_स्टार:
मस्त. आणि चेंज परत परत लिहायची लाज नको बाळगूस. शाळेत आपल्याला निबंधात एकच शब्द दोनदा आला की बाई लाल रेघ मारायच्या, त्याची ही सवय. कामाच्या मेलमध्ये शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं गोष्टच वेगळी आहे.

धायरी_टू_हिंजवडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. मेल परत लिहून बघितला, तपासा प्लीज.
वुई हॅव करेक्टेड द पोस्टकोड्स इन २१२ कस्टमर रेकॉर्ड्स. नो अदर फील्ड हॅज बीन चेंज्ड. अ कॉपी ऑफ द ओल्ड लिस्ट इज अटॅच्ड.

निवृत्त_कॅशियर:
छान झालंय. फक्त त्यांनी सांगितल्यावरून केलं हे त्यात नाही. त्यांचा मेल आला होता ना? सुरुवातीलाच त्या मेलची तारीख घाला.

धायरी_टू_हिंजवडी:
हो काका, १२ तारखेचा आहे. घालते.