दांडिया बाजारातलं जुनं घर: वाळवी, झुरळं, उंदीर. सुरुवात कुठून करू?

दांडियाबाजारची सून

नमस्कार मंडळी,

आमचं घर वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या गल्लीत आहे. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेलं. विटा-चुन्याच्या भिंती, सागवानी तुळया, वर फळ्यांची तक्तपोशी. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक.

देवघराच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ चढलेली दिसली. नखाने खरवडली तर आत पांढरट किडे वळवळत होते. सुतार आला, चौकट ठोकून म्हणाला, "बेन, उधई छे. आखी बारसाख बदलवी पडशे." म्हणजे वाळवी आहे, सगळी चौकट बदलावी लागेल. शिवाय स्वयंपाकघरात लहान तपकिरी झुरळं, अगदी फ्रिजच्या रबरातसुद्धा. रात्री तक्तपोशीवर उंदरांची धावपळ. औषधवाले म्हणतात, सगळं घर फवारू आणि वर्षाचा करार करू. पण सासूबाईंना दमा आहे, मूल रांगतंय. आधी काय करू? आणि चौकट वाचेल का? ती या घराची पहिली चौकट आहे, काढून टाकायचं मनात येत नाही.

गोत्रीवाला

वाळवीवर रॉकेल ओता, तेवढ्याने भागतं. उंदरांसाठी धान्यात ठेवतात त्या गोळ्या तक्तपोशीवर टाका आणि दोन दिवस वरची खोली बंद ठेवा.

मांडवीकर

ताई, आधी त्या गोळ्यांचं बोलतो. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. तो फळ्यांच्या फटींतून खाली उतरतो, सामाईक भिंतीच्या भेगांतून शेजारच्यांच्या खोलीत जातो, आणि त्यावर उतारा नाही. झोपेत माणसं दगावली आहेत यामुळे. गोत्रीवाल्या भाऊंनी मदत म्हणूनच लिहिलंय, तरी कळकळीने सांगतो, हा उपाय कोणालाही सुचवू नका. रॉकेलही नको. जुन्या सुक्या लाकडाच्या घरात आगीचा धोका, आणि जमिनीतल्या वसाहतीला त्याने काही होत नाही.

आता वाळवी. पाणीगेटपासून गेंडीगेटपर्यंत जुन्या घरांच्या दुरुस्त्या करण्यातच माझी सगळी उमर गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. घरात येणारी वाळवी बहुतेक वेळा जमिनीतली असते. राणी मातीत, वसाहत मातीत. कामकरी वाळवीचं अंग मऊ असतं, उघड्या हवेत ती सुकून मरते, म्हणून मातीची नळी बांधत वर चढते. तुम्हाला दिसलेली रेघ ती हीच. सगळी पुसून टाकू नका. मधला बोटभर तुकडा तोडा आणि तीन-चार दिवसांनी बघा. तुकडा पुन्हा सांधलेला दिसला तर त्या वाटेने ये-जा चालू आहे.

मग ओल शोधा. ओल असल्याशिवाय ही वाळवी भिंतीत टिकत नाही. देवघराच्या मागे मोरी आहे का? शेजाऱ्यांचा नळ त्याच भिंतीतून जातो का? आणि चुन्याच्या भिंतीवर कोणी सिमेंटचा गिलावा केलाय का? हे शेवटचं मी इतक्या घरांत पाहिलंय की हल्ली तेच आधी विचारतो. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून उडून जाते. वर सिमेंट आणि ऑइल पेंट बसला की ती भिंतीत कोंडते, आणखी वर चढते, आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक कायम दमट राहतं. मधे तुळई ठणठणीत आणि टोकाला पोकळ, असं होतं. मोठ्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टोकाजवळ ठोकत जा. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बद्द वाजतं. शंका आली तिथे पातं टोचून बघा, सहज आत गेलं तर समजा.

चौकट बदलायची घाई करू नका. जुन्या सागाचा गाभा वाळवी सहसा सोडून देते. खाल्लं जातं ते बाहेरचं फिकट लाकूड आणि जमिनीला टेकलेला वीतभर भाग. तेवढाच कापून जुन्या सागाचा जोड देणारे सुतार वडोदऱ्यात अजून आहेत. लाकडाखाली मैद्यासारखी भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर मात्र तो भुंगेरा, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. त्याचा इलाज लाकडातच करावा लागतो, जमिनीत औषध सोडून उपयोग नाही.

औषधवाल्याकडून काम कसं करून घ्यायचं त्यालाही नियम आहे. बांधून झालेल्या घरांसाठी भारतीय मानक ६३१३ चा भाग ३ आहे. भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेने साधारण ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं, प्रत्येकात जास्तीत जास्त १ लिटर औषध, मग भोकं बुजवायची. चौकट भिंतीला मिळते तिथे ६ मिलिमीटरची तिरकी भोकं. नुसता पंप घेऊन भिंती फवारणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. औषधाचं नाव आणि प्रमाण लेखी मागा. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर ते लिटरभर पाण्यात २.१ मिलिलिटर असतं. घरात जुनी विहीर किंवा जमिनीखालची टाकी असेल तर तिच्याजवळ एकही भोक पाडू देऊ नका. सासूबाई आणि बाळ तेवढे दिवस दुसरीकडे राहिले तर उत्तम.

आणि शेजाऱ्यांशी आजच बोला. भिंत दोघांची आहे.

समावाली

झुरळांबद्दल मी सांगते. मानेवर दोन काळ्या रेघा असतील तर ती जर्मन झुरळं. त्यांच्यासाठी झुरळं मारायचं जेल लावा, फवारा मारू नका. फवाऱ्याच्या वासाने ती जेलकडे फिरकत नाहीत, नुसती दुसऱ्या खोलीत पांगतात. बिजागऱ्या, गॅसच्या ओट्याखालची फट, मिक्सरचं बूड, फ्रिजची मागची बाजू, अशा ठिकाणी मसुराएवढे ठिपके द्यायचे, बाळाचा हात पोचणार नाही असे. मादीच्या एका कोशात तीस-चाळीस अंडी असतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी जेल पुन्हा लावायचं. रात्री ओटा आणि सिंक कोरडं पुसून ठेवा. मोठी लालसर झुरळं गटारातून येतात, त्यांच्यासाठी मोरीला बारीक जाळी.

उंदरांचं आम्ही ऑगस्ट २०२४ च्या पुरात शिकलो. विश्वामित्रीचं पाणी ओसरलं आणि बिळांतून निघालेले उंदीर घराघरांत शिरले. विष आम्ही टाळलं. ते खाऊन उंदीर काही दिवसांनी मरतो आणि तक्तपोशीच्या वर कुठे पडला ते सापडत नाही. पिंजराच लावा, आत तिखट गाठिया. पण खरं काम फटी बुजवण्याचं. ६ मिलिमीटरच्या फटीतून लहान उंदीर आत येतो. नळ आणि वायरी भिंतीत शिरतात तिथे तारेची घासणी कोंबून वर सिमेंट भरा. नुसतं सिमेंट ओलं असताना उकरतात. लेंड्या कोरड्या झाडू नका. आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा, हातमोजे घाला. उंदरांच्या मुतातून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाचा, धोका असतो.

दांडियाबाजारची सून

मांडवीकर काका, समाताई, खूप आभार. तोडलेला तुकडा तिसऱ्या दिवशी पुन्हा सांधलेला होता. देवघरामागे शेजारच्या काकूंची मोरी आहे, पाइपचा सांधा पाझरतोय. त्यांनी लगेच प्लंबर बोलावला. आणि हो, आमच्या बाजूला कमरेपर्यंत सिमेंटच आहे. आता एक काळजी आहे. त्याच भिंतीला लागून आजेसासऱ्यांच्या पोथ्यांचं लाकडी कपाट आहे.

मांडवीकर

कपाट आजच भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि पायांखाली लोखंडी ठोकळे द्या. मागची फळी टॉर्च लावून बघा, नळी बहुतेक वेळा तिथूनच आत शिरते. आपल्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन या. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ती सुरू केली, आणि तिथली पुस्तकं लोखंडी मांडण्यांवर आहेत, आणि मजल्यांची जमीन काचेची आहे. ओल आणि कीड दोन्हींचा विचार त्यात दिसतो. पोथ्या कडक उन्हात टाकू नका, कागद ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्यावर पानं मोकळी करा, मऊ ब्रशने झटका, कसर दिसली तर त्या पोथ्या वेगळ्या ठेवा.

पाइप दुरुस्त झाला की सिमेंटचा गिलावा खरवडून काढा आणि भिंत उघडीच राहू द्या. तिला सुकायला एक उन्हाळा लागेल. पुन्हा गिलावा करायचा तो चुन्याचा. औषधाचं काम मात्र उन्हाळ्यापर्यंत थांबवू नका, पाझर बंद झाला की करून घ्या. देवघरावरची तुळई तेवढी मला बघू द्या. मी जवळच राहतो. निरोप पाठवा, सकाळच्या वेळी येऊन टोक ठोकून बघतो, त्यानंतरच सुताराला हात लावू द्या.