आर आणि गुंठा एकच नव्हे

बरेचजण सांगतात की सातबाऱ्यावरचा १ आर म्हणजेच १ गुंठा, बिनधास्त धरा. बोलण्यापुरतं चालेल, पण व्यवहारात नको. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आर हे मेट्रिक माप, १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०७६.४ चौरस फूट. फरक दर गुंठ्याला साडेबारा चौरस फुटांचा, किरकोळच वाटतो. पण सातबाऱ्यावर ०.६०.०० (हेक्टर.आर.चौरस मीटर, म्हणजे ६० आर) लिहिलंय आणि तुम्ही ६० गुंठ्यांचे पैसे मोजलेत, तर हातात येतात ५९.३ गुंठे. साडेसातशेहून जास्त चौरस फूट हवेत विरले! रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव बघता ही रक्कम सोडून देण्यासारखी नाही.

एकर हवा असेल तर ०.४०.४७ लक्षात ठेवा (४० आर ४७ चौरस मीटर). हेक्टरला २.४७१ ने गुणलं तरी एकरच मिळतात.

आणखी एक, चौरस मीटरचे चौरस फूट करताना काहीजण ३.२८ ने गुणतात. तो आकडा लांबीचा. क्षेत्रफळाला १०.७६४.

दर गुंठ्याने ठरवा हवं तर, पण खरेदीखतात क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे हेक्टर-आरमध्येच येऊ द्या.